समुपदेशनाची फी परवडत नसेल तर

मुंबई-पुण्यात खासगी समुपदेशक एका सत्राचे साधारण हजार ते अडीच हजार रुपये घेतात. दर आठवड्याला जायचे तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याचे मेसचे पैसेही त्यातच जातील. म्हणून आपली मुले एक-दोन सत्रांतच थांबतात.

तातडीने बोलायचे असेल तर १४४१६ लावा. टेलिमानसची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. समोरासमोर बोलायचे असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा. रांग असते, वेळ कमी मिळतो, हे खरे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी केंद्रात मोफत उपचाराचा हक्क आहे, हातात कार्ड नसले तरी. कार्ड मागून परत पाठवले, तर हे कलम दाखवा.

खासगीत सवलत मागायला लाजू नका. काही समुपदेशक उत्पन्न पाहून फी घेतात. पंधरा दिवसांनी एक सत्र चालेल का, तेही विचारा. आणखी एक, आमच्या मते फीइतकेच महत्त्वाचे: हॉस्टेलमधल्या जातीच्या त्रासावर 'मनाला लावून घेऊ नकोस' एवढेच ऐकायला पैसे मोजू नका. जातीच्या अनुभवांवर काम केले आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारून घ्या.