ऊतकातील जनुक-प्रथिन आलेखन

अखंड ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहात) जनुके व प्रथिने कोठे क्रियाशील आहेत, हे स्थानानुसार नोंदण्याची पद्धती. ऊतक कुटून केलेल्या विश्लेषणात द्रव्याचे प्रमाण कळते. ते कोणत्या कोशिकेतील, ही माहिती मात्र नष्ट होते. ॲल्बर्ट कून्स व त्यांचे सहकारी यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत प्रतिपिंडाला अनुस्फुरक द्रव्य जोडले व १९४२ मध्ये त्याच्या साहाय्याने ऊतकातील जंतूंचे प्रतिजन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. १९६९ मध्ये येल विद्यापीठातील जोसेफ गॉल व मेरी लू पार्ड्यू यांनी किरणोत्सर्गी रिबोन्यूक्लिइक अम्ल वापरून बेडकाच्या अंडकोशिकांत विशिष्ट जनुकांचे स्थान निश्चित केले. या पद्धतींनी एका वेळी मोजकीच द्रव्ये दिसत. २०१६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ऊतकाचा पातळ छेद स्थानदर्शक संकेत असलेल्या डीएनए-धाग्यांच्या काचपट्टीवर ठेवून हजारो जनुकांचे संदेश एकाच वेळी वाचले. मात्र १०० मायक्रोमीटर व्यासाच्या प्रत्येक ठिपक्यात अनेक कोशिका येत. नंतरच्या पद्धतींत ही मर्यादा कमी झाली. कर्करोगात प्रतिरक्षा कोशिका अर्बुदात शिरल्या आहेत की कडेलाच अडल्या आहेत, हे अशा आलेखावरून कळते. उपचाराच्या दृष्टीने द्रव्याच्या प्रमाणाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे ठरते, ते यामुळेच.