उसाचा हंगाम आणि शाळेचे वर्ष : परभणी जिल्ह्यातील स्थलांतरितांच्या मुलांचा प्रश्न

परभणी जिल्ह्यात शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी ह्या दोन कालगणनांच्या विसंगतीचा इतिहास होय. पालकांची अनास्था हे नेहमी पुढे केले जाणारे कारण त्या मानाने दुय्यमच म्हटले पाहिजे.

१९५० साली प्रवरानगर येथे सहकारी कारखाना सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात साखरधंदा झपाट्याने वाढला. तोडणीचे मनुष्यबळ पुरविले ते मुख्यतः मराठवाड्याच्या कोरडवाहू भागाने, आणि १९७२ च्या दुष्काळाने त्या ओघास जोर आला. परभणीत गंगाखेडच्या बाजूचा बालाघाटाचा डोंगरपट्टा ह्याच भागात मोडतो. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या ह्या प्रदेशात मुळात शाळाच विरळ होत्या, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर. आणि कोयता म्हणजे एक मजूर नव्हे, पतिपत्नीची जोडी. हा एक शब्द पुष्कळ काही सांगून जातो. आईबाप उभयता गेल्यावर घरात आजी-आजोबा असतील तरच मूल गावी राहते. एरवी तेही बिऱ्हाडाबरोबर निघते. थोरली मुलगी तर कित्येकदा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीच नेली जाते. तिचे नाव मात्र गावच्या पटावर तसेच राहते. ती कागदोपत्री शाळाबाह्य ठरत नाही, आणि परतते तेव्हा दुसरे सत्र संपत आलेले असते.

ह्यावर दोन उपाय योजले गेले. कारखान्याच्या परिसरातील साखरशाळेने शाळा मुलापाशी नेली. परंतु टोळी उसामागे फिरते, आणि तेथे शिकलेले गावच्या वर्गाशी जुळवून घेणे कठीण जाते. हंगामी वसतिगृहाने उलट मुलालाच गावात ठेवले. हा दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो, कारण मूल आपल्या वर्गातून तुटतच नाही. मात्र टोळ्या निघण्यापूर्वी याद्या तयार झाल्या नाहीत, तर वसतिगृह उघडूनही उपयोग नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुकास्तरावर वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली, तिचा रोखही ह्याच दिशेने आहे.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश व त्यासाठी विशेष प्रशिक्षण दिले. दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली.

ही जबाबदारी परभणीत दुहेरी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने जिल्ह्यात बागायत वाढली, ऊस आला आणि त्यामागून कारखानेही आले. त्यामुळे एकीकडे डोंगरपट्ट्यातील टोळ्या बाहेर पडत असता, दुसरीकडे गोदाकाठच्या फडांजवळ परक्या गावांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांतील मुलांचा पट कोठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्यात असतो.