शॅडोरन : ड्रॅगनफॉल
हेअरब्रेन्ड स्कीम्स या अमेरिकी कंपनीचा पाळीपाळीने खेळायचा सायबरपंक भूमिका-खेळ (२०१४). प्रथम ‘शॅडोरन रिटर्न्स’ (२०१३) या खेळाची पुरवणी म्हणून आला. २०१४ मध्येच सुधारित, स्वतंत्र आवृत्ती निघाली. मूळ विश्व १९८९ च्या ‘शॅडोरन’ या टेबलावरच्या खेळाचे. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, जॉर्डन वाइझमन, यांनीच पुढे ही कंपनी काढली.

कथा २०५४ च्या अराजकवादी बर्लिनमध्ये घडते. पहिल्याच मोहिमेत खेळाडूच्या टोळीची म्होरकी मोनिका मरते आणि नेतृत्व खेळाडूकडे येते. ते सर्वांना मान्य नसते. टोळीतली माजी सैनिक आयगर तर उघड नाराज असते. खेळाचे खरे बळ या अवघडलेपणात आहे. लढाईत प्रत्येक पाळीचे कृतिगुण (किती कृती करता येतील त्याचे गुण) मोजत सोबत्यांना हवे तसे हलवता येते, पण त्यांचा विश्वास मिळवायला मोहिमांच्या मधल्या काळात क्रॉइत्सबाझार वस्तीत परतून बोलत राहावे लागते. शरीराचा बराच भाग यंत्रांना दिलेली ग्लोरी आपला भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उलगडते. पंक गायकीतून आलेला शमन डीट्रिश मात्र मोकळाढाकळा. संवाद बहुतांशी छापील मजकुरातच आहेत. वाचनाचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. सुधारित आवृत्तीत सोबत्यांच्या वैयक्तिक मोहिमांची भर पडली. पुढचा भाग ‘हाँगकाँग’ (२०१५).