श्वानांच्या समाध्या

गेल्या श्रावणांत आमच्या घरचा मोत्या गेला. तेरा वर्षें तो आमच्या ओसरीवर निजला. परसांतील पेरूच्या झाडाखालीं आम्हीं त्यास पुरलें आणि वर एक दगड ठेवला. दुसऱ्या दिवशीं माझी नात हातांत खडू घेऊन आली व म्हणाली, "आजोबा, ह्यावर काय लिहायचं?" मीं उभा जन्म मुलांना इतिहास शिकविला, परंतु एवढ्याशा प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. त्या निमित्तानें श्वानांच्या जुन्या स्मारकांकडे माझें लक्ष पुन्हां वळलें. त्यांपैकीं तीन शिळांची हकीकत आज आपणांस सांगावी असा विचार आहे.

पहिली शिळा कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांतील आतकूर गांवची. ती उभारली तेव्हां राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण राज्य करीत होता, व त्याचा अंमल महाराष्ट्रावरहि होता. म्हणून ती आपणांस अगदींच परकी नव्हे. इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथें राष्ट्रकूट व चोल ह्यांचें मोठें युद्ध झालें. राष्ट्रकूटांच्या बाजूस गंग राजा बूतुग होता, आणि बूतुगाच्या पदरीं मणलेर नांवाचा एक योद्धा होता. त्याचा पराक्रम पाहून राजा प्रसन्न झाला व 'माग' म्हणाला. अशा वेळीं एखाद्यानें गांव मागितलें असतें, सोनें मागितलें असतें. मणलेरानें मागितलें तें राजाचें 'काळि' नांवाचें शिकारी कुत्रें! पुढें एका दांडग्या रानडुकराशीं झुंजतांना तें कुत्रें आणि तें डुकर दोन्हीं मेलीं. मणलेरानें आतकूरच्या देवळापुढें शिळा रोविली, तीवर ती झुंज कोरविली आणि तिच्यासाठीं जमीन लावून दिली. लेखांत शके ८७२ हा काळ स्पष्ट दिलेला आहे. आज ती शिळा बंगळूरच्या वस्तुसंग्रहालयांत आहे.

ह्यांतील मौज पाहा. त्या युद्धांत चोल राजपुत्र राजादित्य बूतुगाच्या हातून पडला, हें सांगणारा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे हाच लेख होय. राज्यें गेलीं, राजधान्या ओसाड पडल्या. आणि त्या रणाची साक्ष एका कुत्र्याच्या दगडानें जतन करून ठेविली.

दुसरी शिळा आमच्या साताऱ्याजवळची. कृष्णा आणि वेण्णा ह्यांच्या संगमावर माहुली हें क्षेत्र आहे. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे ह्याच माहुलीचे. सातारच्या राजघराण्याच्या समाध्या येथें नदीकांठीं आहेत, आणि त्यांतच छत्रपति शाहूमहाराजांच्या आवडत्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात. शिकारींत वाघानें झडप घातली असतां खंड्यानें महाराजांचा जीव वांचविला, अशी परंपरा आहे. ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८ पासून कांहीं वर्षें साताऱ्यास होता. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत त्यानेंहि ही गोष्ट नमूद केली आहे. महाराजांनीं कुत्र्यास रीतसर सनद देऊन जहागीर व पालखीचा मान दिला. एकदां भर दरबारांत त्याच्या अंगावर जरीचें वस्त्र व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, असें तो लिहितो. डफ साहेब ह्यास राजाचा लहरीपणा समजतो.

मला मात्र तेथें निराळेंच दिसतें. शाहूमहाराजांचा जन्म १६८२ चा. १६८९ मध्यें, वयाच्या सातव्या वर्षीं, ते मोगलांच्या कैदेंत गेले ते १७०७ सालीं सुटले. सुटून आले तों घरांतच गादीसाठीं लढा उभा राहिला. ज्याचें सारें बाळपण पहाऱ्यांत गेलें, मुजरा करणारा आज कोणाचा आणि उद्यां कोणाचा हें ज्यानें पुरतें जाणलें, त्यास बिनमतलबी जीवाची किंमत अधिक कळली तर त्यांत नवल काय? महाराज १७४९ च्या डिसेंबरांत वारले. डफानें ही हकीकत टिपली ती त्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं. म्हणून हिचा प्रत्येक शब्द शपथेवर सांगतां यावयाचा नाहीं. पण हिला जुना आधार आहे, एवढें खास.

तिसरी शिळा रायगडावर आहे, आणि तिच्याविषयीं बोलतांना मला थोडें खालीं पाहावें लागतें. शिवछत्रपतींच्या समाधीसमोर उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराजांचें निर्वाण झालें, तेव्हां त्यांच्या ह्या इमानी कुत्र्यानें चितेंत उडी घेतली, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिली आहे. मी शाळेंतील मुलांना रायगडावर नेत असें, व त्या चौथऱ्यापाशीं उभा राहून ही कथा रंगवून सांगत असें. एके वर्षीं एका मुलानें हात वर करून विचारलें, "गुरुजी, हें कुठं लिहिलं आहे?" मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

लिहिलेलें कोठेंच नव्हतें. महाराजांच्या पश्चात् थोड्याच वर्षांनीं सभासदानें बखर लिहिली. तींत वाघ्या नाहीं. पुतळा बसविला गेला तो १९३६ सालीं. कथा त्याहून जुनी. कारण १९१९ सालीं निवर्तलेल्या राम गणेश गडकऱ्यांनीं आपलें अपुरें राहिलेलें 'राजसंन्यास' नाटक वाघ्यासच अर्पण केलें आहे. परंतु १६८० पर्यंत तिचा माग लागत नाहीं. २०११ च्या ऑगस्टांत कांहीं तरुणांनीं पुतळा उखडला व तो थोड्याच दिवसांत पुन्हां बसविण्यांत आला. २०२५ सालीं तो हलविण्याची मागणी पुन्हां झाली. दोन्हीं बाजूंचे लोक तावातावानें बोलले.

माझें मत विचाराल तर तें असें. रायगडावरचा दगड १६८० ची साक्ष देऊं शकत नाहीं. तो १९३६ ची देतो. आपल्या दैवतामागें जीव देणारें कोणी तरी असावें, ही एका पिढीची ओढ त्यांत गोठून राहिली आहे. ती ओढ खरी आहे, तिचा इतिहास लिहावा. परंतु मुलांना सांगतांना ही दंतकथा आहे हें सांगावें. दगड तेथें ठेवावा कीं हलवावा हें शहाण्यांनीं शांतपणें ठरवावें. रात्रीच्या अंधारांत पहारी घालून तें ठरत नाहीं, आणि विचारणाऱ्या मुलास दटावूनहि ठरत नाहीं. तो मुलगा आज पोक्त गृहस्थ झाला असेल. ही नभोवाणी त्याच्या कानीं पडत असेल तर, बाबा, तुझा प्रश्न रास्त होता. चूक माझी होती.

आतां नातीकडे वळतों. तिनें स्वतःच एक मजकूर सुचविला: 'मोत्यानें चोर पकडला.' मीं विचारलें, "कधीं ग?" ती म्हणाली, "नाहीं पकडला, पण त्यानं पकडलाच असता." श्रोतेहो, दंतकथा कशी जन्मास येते हें चाळीस वर्षें शिकवून मला कळलें नव्हतें, तें त्या क्षणीं पेरूखालीं कळलें. ती लबाडींतून जन्मत नाहीं. गेलेल्यावर आपली माया फार असते, आणि त्याच्या नांवावर सांगण्याजोगें कर्तृत्व थोडें असतें. तेवढी उणीव माया भरून काढते.

मोत्यानें चोर पकडला नाहीं, वाघाशीं झुंज दिली नाहीं. सकाळीं पोरीच्या मागोमाग तो शाळेच्या फाटकापर्यंत जाई, आणि शाळा सुटण्याच्या वेळेस पुन्हां तेथें जाऊन बसे. शेवटच्या वर्षीं पाय चालेनात, तेव्हां तो आपल्या दारांतूनच त्या वाटेकडे पाहत पडून राही. मीं म्हटलें, "एवढंच लिही." तिनें थोडा विचार केला. मग दगडावर त्याचें नांव घातलें आणि खालीं लिहिलें: 'हा मला शाळेंत पोंचवीत असे.'

पावसानें तीं अक्षरें धुऊन जातात. ती पुन्हां लिहिते, आणि मजकूर तोच असतो.