मेक्सिकोचं चांपुर्रादो: प्यायचं चॉकलेट, जे आपल्या माडग्याच्या घरातलं वाटेल

पावसाळ्यात सर्दीने नाक बंद झालं की अहिल्यानगर, सोलापूर, साताऱ्याकडे अजूनही हुलग्याचं माडगं आठवतं. भाजून दळलेल्या हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ. गुठळी होऊ न देता पाण्यात शिजवायचं, वर थोडं दूध घालायचं आणि गरम गरम प्यायचं.

मेक्सिकोतलं चांपुर्रादो जवळपास असंच बनतं. त्याला दाटपणा मक्याने येतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि तेच पीठ पाण्यात किंवा दुधात कालवतात. गोडीसाठी पिलोन्सियो, म्हणजे उसाच्या रसाची ढेप. थोडक्यात, गूळच! सोबत दालचिनी आणि चॉकलेटची वडी.

या वडीची पारंपरिक कृती बघण्यासारखी आहे. भाजून सोललेल्या कोकोच्या बिया 'मेताते' नावाच्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटतात. पाट्याखाली निखारे असतात. दगड तापला की बियांतली चरबी सुटते आणि कोरड्या पुडीचा ओला गोळा होतो. त्यात साखर, दालचिनी, कुठे बदामही घालून वड्या थापतात. कारखान्यातल्यासारखं हे चॉकलेट तासन्‌तास घोटत नाहीत, म्हणून ते जिभेला रवाळ लागतं. शेवटी 'मोलिनियो' घेऊन घुसळायचं. ही लाकडी रवीच, फक्त दोरीऐवजी दोन तळव्यांत फिरवतात. फेसाला तिथे फार मान.

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात येण्याआधी या पेयात ना दूध होतं, ना उसाची साखर, ना दालचिनी. मिरची, व्हॅनिला घातलेलं ते कडवट पेय होतं आणि फेस काढायला उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत. कोकोच्या बिया तेव्हा बाजारात पैसे म्हणूनही चालत.

मग हे सगळं आपल्याकडे पिकेल का? हिवरे बाजारचंच उदाहरण घ्या. कोकोला सावली, दमट हवा आणि वर्षाला साधारण १५०० ते २००० मिमी पाऊस लागतो. हिवरे बाजारला पडतो सरासरी ४०० मिमीच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामं केली आणि पुढे पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. ऊस, केळी यांसारखी तहानलेली पिकं बाद झाली. चारा वाढला, तसं दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध हजारो लिटरवर गेलं.

म्हणजे चांपुर्रादोसाठी तिथे दूध भरपूर, पण कोको अशक्य. माडग्याचं गणित सोपं आहे, कारण हुलगा हलक्या जमिनीत, जेमतेम पावसावर येतो. अडचण वेगळीच: चार पैसे जास्त देणाऱ्या पिकांपुढे हुलग्याचा पेरा मागे पडत गेलाय. आणि माडग्यात घालायचा गूळ? तो उसाचा, म्हणजे हिवरे बाजारकरांना तो विकतच आणावा लागणार.