‘द’ म्हणजे ‘कर’ : इंग्रजीतून आपल्याकडे आलेली फ्रेंच आडनावे

नागपूरच्या महालातून सदरला शिकायला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या तोंडी ‘एसएफएस’ ही तीन अक्षरे आहेत. १८७० साली सुरू झालेल्या या शाळेचे पूर्ण नाव सेंट फ्रान्सिस डी सेल्स. यातल्या ‘सेल्स’चा विक्रीशी काही संबंध नाही. मूळ फ्रेंच उच्चार ‘द साल’ असा आहे. साल हे सव्हॉय प्रांतातल्या एका गढीचे नाव. तिच्या धन्यांच्या घराण्यात १५६७ साली फ्रान्सिस जन्मला. फ्रेंच ‘द’ म्हणजे ‘चा’. आपल्या रीतीने सांगायचे तर हा फ्रान्सिस ‘सालकर’.

त्याच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ साली सव्हॉयमधल्याच आनसी येथे स्थापन झाला. त्याचे धर्मोपदेशक आधी विशाखापट्टणमला आणि तेथून कामठी-नागपूरकडे आले. १८८७ साली नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. त्याच्या पहिल्या बिशपांचे आडनाव इंग्रजी अक्षरांवरून वाचले तर ‘रिकाझ’ होते. सव्हॉयच्या जुन्या वळणात मात्र अशा नावांच्या शेवटचा ‘झ’ लिहितात, उच्चारत नाहीत. माणसे फ्रेंच बोलणारी, पण शाळेची भाषा इंग्रजी. त्यामुळे त्यांची नावे आपल्यापर्यंत इंग्रजी तोंडातून पोहोचली.

याच सव्हॉयचा आणखी एक माणूस मराठ्यांच्या इतिहासात शंभर वर्षे आधी येऊन गेला होता. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभारणारा, १७९० साली पाटण आणि मेडता येथील लढाया जिंकून देणारा डी बॉयन. शांबेरीतल्या कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १७५१ साली जन्मला तेव्हा त्याचे नाव बनुआ लबॉर्न होते. ‘बॉर्न’ म्हणजे एकाक्ष. आपल्याकडच्या टकले, बोबडे यांच्याच जातीचे, शरीराच्या खुणेवरून पडलेले हे आडनाव. पुढे त्याने ते बदलून ‘द ब्वान्य’ केले. सालकरांची साल नावाची गढी तरी होती. याच्या ‘कर’मागे गावही नव्हते आणि जहागीरही नव्हती. १७९८ साली लंडनमध्ये त्याने एका फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले. त्याने आपले खरे नाव आणि कूळ लपवले, अशी तक्रार तिने पुढे आपल्या आठवणींत नोंदवली.

इंग्रजीत हा ‘द’ मोठ्या अक्षराने लिहून आडनावाचाच भाग मानला गेला. त्यामुळे इंग्रजी सूचीत हा माणूस बहुधा ‘डी’खाली सापडतो, तर फ्रेंच सूचीत ‘बी’खाली. इंग्रजी स्पेलिंगवरून नाव मराठीत आणताना डी बॉयन, डी बॉइन, डिबॉयन अशी रूपे झाली. त्याचा उत्तराधिकारी पेरॉन याचे जन्मनाव पिएर क्युलिए. ‘पेरॉन’ हे ‘पिएर’चेच लाडके रूप, म्हणजे आडनाव नव्हेच.

हा केवळ उच्चारांचा खेळ नाही. १८०३ च्या युद्धाचे समर्थन करताना गव्हर्नर जनरल वेलस्लीने पेरॉनच्या ताब्यातील मुलुखाला ‘फ्रेंच राज्य’ ठरवले. युद्धाची इतर कारणे होतीच. पण नावांवरून उभी राहणारी फ्रेंच भीती त्याच्या कामी आली. ज्याने ही फौज उभारली तो डी बॉयन तर फ्रान्सचा नव्हे, सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन होता. सव्हॉय फ्रान्सला कायमचे मिळाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८६० मध्ये. त्या युद्धात शिंद्यांच्या बाजूने उतरलेल्या नागपूरकर भोसल्यांना देवगावच्या तहाने कटक आणि वऱ्हाडाचा मुलूख गमवावा लागला.

मराठी कारकुनांची रीत वेगळी होती. ते कानाने ऐकून लिहीत. ‘मस्य’ हे फ्रेंच संबोधन, म्हणजे ‘साहेब’, त्यांनी नावालाच जोडले आणि ब्युसीचा ‘मुसा बुसी’, रेमोंचा ‘मुसा रेमू’ झाला. ‘रेमू’मध्ये शेवटचा ‘ड’ नाही, कारण फ्रेंच माणूस तो उच्चारत नाही. आज आपण ‘रेमंड’ लिहितो तेव्हा इंग्रजी अक्षरे वाचत असतो.

रूढ झालेले ‘डी सेल्स’ आता बदलायचे कारण नाही. ते नागपूरचे झाले आहे. पण जुन्या कागदांवर काम करताना फ्रेंच नाव भेटले की तीन गोष्टी तपासाव्यात : जन्मनाव कोणते, ‘द’मागे खरोखर गाव आहे का, आणि आपल्या हातातले रूप कानाने आले आहे की इंग्रजी अक्षरांतून. नाहीतर एकाच माणसाची दोन माणसे होतात आणि व्यापाऱ्याच्या पोराला आपण जन्मजात उमराव करून बसतो.