खरा पंख, खोटी गाडी

पिक्सारचा 'कार्स' (२००६) तुम्ही लहानपणी पाहिला असेल, तर त्यातला 'द किंग' आठवत असेल. निळा रंग, दारावर ४३ आकडा, चोचीसारखं लांब नाक आणि पाठीवर छपराच्याही वर गेलेला पंख. ही गाडी चित्रकाराच्या डोक्यातून आलेली नाही. ती आहे १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड. किंगला आवाज देणारे रिचर्ड पेटी हेच खऱ्या निळ्या ४३ नंबरचे ड्रायव्हर.

मी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो आणि पोटासाठी कोड लिहितो. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त टूलमेकर राहतात. ते आपल्या गॅरेजमध्ये एका साध्या १९७० च्या प्लिमथ रोड रनरची सुपरबर्ड बनवत आहेत. म्हणजे नक्कल, रेप्लिका. तिच्यासाठी त्यांनी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जो पंख आणला, तो मात्र अस्सल आहे. गेले सहा महिने माझे शनिवार त्या पंखावर जातात. एवढा ऐवज असा सुटा कसा काय सापडला, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

नॅसकारच्या शर्यतींना 'स्टॉक कार' म्हणतात, कारण तत्त्वतः तिथे पळणारी गाडी शोरूममध्ये मिळणारीच असायला हवी. म्हणून नियम असा होता की शर्यतीत नवा आकार उतरवायचा असेल, तर तशा किमान ५०० गाड्या ग्राहकांसाठी बनवा. साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनांची ताकद इतकी वाढली होती की अडथळा हवेचाच उरला होता. १९६९ च्या फेब्रुवारीत डेटोना ५०० शर्यतीत डॉजची 'चार्जर ५००' शेवटच्या फेरीत फोर्डकडून हरली. फोर्डने गाडीचं नाक लांबवून उतरतं केलं होतं. डॉजची मालक कंपनी क्रायस्लर. तिच्याकडे त्या काळात क्षेपणास्त्रं आणि अंतराळाचंही काम होतं, आणि तिकडून आलेली हवेचा अभ्यास करणारी काही माणसं गाड्यांच्या विभागात होती. त्यांनी उत्तर काढलं ते डॉज चार्जर डेटोना. पुढे पत्र्याचं टोकदार नाक, मागे २३ इंच उंच ॲल्युमिनियमचा पंख. साधारण ५०० गाड्या बनल्या, म्हणजे नियमापुरत्याच. टेस्ट केस पास होईल एवढाच कोड लिहिणारे लोक आमच्या धंद्यात पुष्कळ भेटतात, पण त्यातून इतकी सुंदर गोष्ट निघालेली मी दुसरी पाहिली नाही.

पंख एवढा उंच का? गॅरेजागॅरेजात सांगितली जाणारी कथा अशी, की तो खाली असता तर डिकीचं झाकण उघडलं नसतं आणि मग ही गाडी ग्राहकाला विकायची कशी? ऐकायला मजेशीर आहे. पण उंचीचा फायदा हवेच्या हिशोबातही आहे. छपरावरून मागे उतरणारी हवा विस्कटलेली असते, तिच्यात पंखाला नीट पकड मिळत नाही. थोडं वर गेलं की हवा सरळ वाहते. आडवी पट्टी म्हणजे उलटं बसवलेलं विमानाचं पंखच. विमानाचं पंख वर उचलतं, हे मागची चाकं खाली दाबतं. दोन्ही बाजूंचे उभे खांब नुसते आधाराला नाहीत. गाडी वेगात तिरकी व्हायला लागली की ते बाणाच्या पिसांसारखं काम करतात आणि मागची बाजू पुन्हा रांगेत आणतात. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला जेवढं बळ मिळतं, त्याच्या सुमारे २८ पट ३२० ला मिळतं. म्हणजे बाजारातून भाजी आणताना हा पंख निव्वळ दागिना.

डेटोना पहिल्यांदा पळाली १४ सप्टेंबर १९६९ ला, अलाबामातल्या टॅलाडेगाच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर. २.६६ मैलांची फेरी, वळणांना ३३ अंशांचा उतार. त्या वेगाला टायर फाटू लागले. पेटींच्या पुढाकाराने बहुतेक नामवंत ड्रायव्हरांनी बहिष्कार टाकला आणि ते निघून गेले. शर्यत तरीही झाली, आणि रिचर्ड ब्रिकहाउस हा फारसा कुणाला माहीत नसलेला ड्रायव्हर डेटोना चालवून जिंकला. नॅसकारच्या वरच्या वर्गातला त्याचा तो एकमेव विजय. २४ मार्च १९७० ला त्याच ट्रॅकवर बडी बेकरने चाचणीत ताशी २००.४४७ मैल, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वर वेग गाठला. बंदिस्त ट्रॅकवर २०० मैलांचा आकडा ओलांडणारा तो पहिला.

पेटी तेव्हा फोर्डकडे होते. प्लिमथ त्यांना हवा कापणाऱ्या आकाराची गाडी देईना म्हणून रुसून १९६९ च्या हंगामापुरते गेले होते. त्यांना परत आणायला प्लिमथने सुपरबर्ड काढली. दरम्यान नॅसकारने नियम कडक केला: आता ५०० पुरेत नाहीत, दर दोन डीलरांमागे एक गाडी हवी. त्यामुळे सुपरबर्ड १,९०० च्या वर बनवाव्या लागल्या. पेटींच्याच संघाच्या पीट हॅमिल्टनने १९७० ची डेटोना ५०० सुपरबर्डमधून जिंकली. पुढच्या वर्षी नॅसकारने पंखवाल्या गाड्यांना इंजिनाची मर्यादा घातली. ४२६ घन इंचांऐवजी फक्त ३०५, म्हणजे सात लिटरवरून पाचवर. बंदी असा शब्द कुणी वापरला नाही, पण खेळ संपला.

माझ्या मते खरी गोष्ट ट्रॅकवरची नाहीच, ती शोरूममधली आहे. शर्यतीच्या प्रेक्षकांना वेड लावणारी ही गाडी सामान्य गिऱ्हाइकाला नको होती. नाक पार्किंगमध्ये मावेना, पंख पाहून शेजारी हसणार. अनेक डीलरांकडे सुपरबर्ड महिनोन्महिने पडून राहिल्या. शेवटी काहींनी नाक आणि पंख उतरवला, साधं तोंड बसवलं आणि रोड रनर म्हणून विकून टाकल्या. उतरवलेले भाग माळ्यावर गेले, भंगारात गेले. आमच्या गॅरेजमधला पंख अशाच एका बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावरून आला.

म्हणजे कुठेतरी एक खरी सुपरबर्ड साधी गाडी होऊन झिजून गेली, आणि तिचा पंख आता एका साध्या गाडीला सुपरबर्ड करायला निघालाय.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव होते ती यात दोन वेगवेगळे धातू असल्यासारखी. दोन्ही ॲल्युमिनियमच, पण खांब ओतीव आहेत आणि आडवी पट्टी साच्यातून दाबून काढलेली. मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या फाउंड्रींजवळ वाढलेला, त्यामुळे ओतकामाचा खरखरीत पोत बोटांना ओळखीचा वाटला. डाव्या खांबाच्या पायाशी, बोल्टच्या भोकाला लागून भेग होती. ती तिथेच पडणार. वरच्या पट्टीचा सगळा जोर खांबाच्या उंचीची तरफ होऊन पायावर येतो, म्हणून तर कंपनीने डिकीच्या आतून आधाराच्या पट्ट्या दिल्या होत्या. शिवाय हातोड्याचे घावही दिसत होते. उतरवणाऱ्याला घाई असावी.

रंग आम्ही रसायन लावून काढला. वाळूचा मारा केला असता तर पट्टीचा पातळ पत्रा वाकला असता. लोखंडी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकले होते तिथे पांढरी भुकटी साठली होती आणि आटे खाल्ले गेले होते. ते मोठे करून आत तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसवले. भेगेचं काम सर्वांत नाजूक. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजारांच्या वर अंश लागतात. आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी तशीच. म्हणून टिग वेल्डिंगला एसी करंट लावतात, तो उलटसुलट होताना ती कातडी फोडतो. भेग आधी कानशीने उघडली, खांब तापवला, मग शेजाऱ्यांनी एका बैठकीत टाका मारला. हे काम त्यांनी मला करू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. माझ्याकडे मोजमाप होतं. गाडीच्या मागच्या पत्र्याचा बाक आणि खांबाच्या तळाचा बाक जुळवायला आधी पुठ्ठ्याचे साचे केले, मग फोनने स्कॅन करून पाहिलं. पुठ्ठा जास्त उपयोगी पडला.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. गाड्यांच्या एका मेळाव्यात एका व्यापाऱ्याने पंखाचे फोटो पाहिले आणि शेजाऱ्यांना बाजूला घेतलं. सुपरबर्डच्या चेसिस क्रमांकाची सुरुवात 'आरएम२३' अशी असते, आणि साध्या रोड रनर हार्डटॉपचीही तीच. फरक सांगते ती बॉनेटखाली स्क्रूने बसवलेली एक छोटी पत्र्याची पाटी, जिच्यावर सुपरबर्डसाठी 'ए१३' कोरलेलं असतं. पाट्या काय, बनवता येतात, असं तो म्हणाला. पंख तर खराच आहे. हेमी इंजिनच्या अस्सल सुपरबर्डला लिलावात दहा लाख डॉलरांच्या वर बोली लागलेली आहे. साध्या इंजिनाचीही किंमत आमच्या शेजाऱ्यांचं घर सोडवेल एवढी.

त्यांच्या मुलाला यात फार वाईट काही दिसलं नाही. "विकताना आपण काहीच बोलायचं नाही, घेणारा बघून घेईल," असं त्याचं म्हणणं. घरावर कर्ज आहे, आणि औषधांचा खर्च मी पाहतो आहे, त्यामुळे त्याला मोडीत काढणं मला जमलं नाही. पण या पंखाचा सगळा इतिहास नियमाला अक्षरशः पाळून त्याच्या फटीतून निघण्याचा आहे. तिथेही त्यांनी ५०० गाड्या खरोखर बनवल्या होत्या, कागदावर नाही.

शेजारी दोन आठवडे काही बोलले नाहीत. नंतर एका शनिवारी गेलो तर डावा खांब शिकंज्यात उलटा होता. टाक्याची बाहेरची बाजू त्यांनी घासून सपाट केली होती, आतली तशीच ठेवली होती, माशाच्या खवल्यांसारखी. त्याखाली पंचने एकेक अक्षर ठोकून 'रेप्लिका' आणि वर्ष उमटवलं होतं, पाव इंच खोल. पुट्टीने बुजवलं तरी खरवडून निघेल असं. तसंच नाव ते चेसिसवर तीन ठिकाणी टाकणार आहेत. मुलाला त्यांनी कळवलं की नाही, मी विचारलं नाही.

उजव्या खांबाला भेग नाही, पण वरच्या टोकाला एक जादा भोक आहे. ते बुजवायचं की ठेवायचं, यावर आमचं अजून ठरत नाहीये. मी ठेवा म्हणतो. हेल्मेट धरलेल्या पक्ष्याचे स्टिकर येऊन पडलेत, ते रंगानंतर. पुढच्या आठवड्यात प्रायमर.